मुलांच्या संस्थेत 'क्वालिटी'ची नोकरी घ्यावी का?

दर महिन्याला मी चार-पाच वेगवेगळे प्रश्न घेते, पण या वेळी तीन पत्रं एकाच विषयावरची, म्हणजे संस्थेचं काम मुलांसाठी आणखी चांगलं कसं करायचं हे बघणाऱ्या नोकरीबद्दलची आलीत आणि तिन्ही आपल्या नाशिकचीच, म्हणून हा अख्खा कॉलम त्यांनाच देतेय. मी स्वतः बावीस वर्षं मुलांच्या संस्थांमध्ये हेच काम केलंय आणि इतक्या वर्षांत याबद्दल आपणहून विचारणारे फार कमी भेटले, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई नमस्कार. मी सिडकोत राहते, वय २७, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) झालंय. चार वर्षांपासून एका संस्थेत केसवर्कर आहे. संस्थेचं एक बालगृह आहे आणि १८ च्या पुढच्या मुलामुलींसाठी स्किल सेंटर आहे. मागच्या आठवड्यात सरांनी बोलावून सांगितलं की 'क्वालिटी इम्प्रूव्हमेंट ऑफिसर' अशी नवीन पोस्ट काढतोय, तू घे. पगार थोडा वाढेल. मैत्रिणी म्हणतात घेऊ नको, दिवसभर फाइली तपासायच्या, सगळ्या स्टाफच्या नजरेत वाईट व्हायचं आणि मुलं हातातून सुटतील ते वेगळंच. घरचे म्हणतात घे. यात पुढे करिअर आहे का? परदेशात म्हणे हा मोठा फील्ड आहे. — एक वाचक, सिडको

उत्तर: घे. पण सरांशी काही गोष्टी आधी बोलून घे, त्या शेवटी सांगते. मैत्रिणींचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये, बऱ्याच संस्थांमध्ये ही पोस्ट तशीच होऊन बसते आणि मग चांगली मुलगी दोन वर्षांत कंटाळून निघून जाते.

आधी एक प्रसंग सांगते. सातआठ वर्षं झाली असतील. एका बालगृहात इन्स्पेक्शन यायचं होतं आणि फाइली नीट करायला मला बोलावलं होतं. संध्याकाळची वेळ, बाहेर व्हरांड्यात पोरं कॅरम खेळत होती, सोंगट्यांचा आवाज येत होता आणि मी एकेक फाइल उघडत होते. आयसीपी, म्हणजे प्रत्येक मुलाचा स्वतंत्र काळजी आराखडा, जो कायद्याने ठेवावाच लागतो, तो प्रत्येक फाइलीत होता. सही, तारीख, शिक्का सगळं जिथल्या तिथं. तिसऱ्या फाइलीत आवडीच्या रकान्यात लिहिलं होतं 'चित्रकला व क्रिकेट'. चौथ्या फाइलीत तेच. पाचव्या पण. मग मी सगळ्याच फाइली काढून टेबलावर पसरल्या तर अकरा मुलांच्या आवडी एकाच अक्षरात, एकाच पेनाने, 'चित्रकला व क्रिकेट'. त्यातल्या एका मुलाच्या फाइलीत मागच्या बाजूला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती, वहीचं अर्धं पान, शाळेच्या बाईंनी लिहिलेलं की याला फळ्यावरचं दिसत नाही, डोळे तपासून घ्या, हे दुसऱ्यांदा कळवतेय. आणि त्याच फाइलीत पुढे, आरोग्याच्या रकान्यात, 'समाधानकारक'.

इन्स्पेक्शन झालं, शेरा चांगला आला. पोराला चष्मा त्याच्यानंतर लागला, आणि तोपर्यंत तो वर्गात 'ढ' म्हणून मागच्या बाकावर गेलेला होता.

तुझं काम काय असं कुणी विचारलं तर ती टाचणी लावलेली चिठ्ठी डोळ्यांपुढे आण. फाइल पूर्ण आहे की नाही हे क्लार्क पण बघू शकतो. चिठ्ठी आली, फाइलीला लागली, आणि तिथंच का थांबली, हे शोधायला तू लागतेस. आणि शोधायचं म्हणजे दोषी शोधायचा नाही हं. मी तेव्हा आधी गृहमातेवरच चिडले होते, नंतर कळलं की ती बाई एकटी तीस पोरांचं जेवण, आंघोळी, शाळेचे डबे बघत होती, आणि फाइल तिच्या हातात कधी कुणी दिलीच नव्हती, फाइली कपाटात आणि कपाटाची किल्ली अधीक्षकांकडे. चिठ्ठी पोराच्या दप्तरातून ऑफिसात गेली, ऑफिसने ती इमानदारीने फाइलीला लावली, सगळ्यांनी आपापलं काम केलं आणि पोराला दिसेना ते दिसेनाच. मग आम्ही एवढंच केलं की महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाची फाइल घेऊन गृहमाता, केसवर्कर आणि तो मुलगा स्वतः, तिघांनी पंधरा मिनिटं बसायचं आणि शाळेतून आलेलं काही असेल तर मोठ्याने वाचायचं. खर्च शून्य. यालाच क्वालिटी इम्प्रूव्हमेंट म्हणतात, नाव फार जड आहे म्हणून लोक घाबरतात.

इन्स्पेक्शन आणि हे काम यात गल्लत करू नको आणि सरांनाही करू देऊ नको. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेची नोंदणी कलम ४१ खाली आहे आणि तपासणी कलम ५४ खाली. तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा यायचं, टीममध्ये तीनपेक्षा कमी माणसं नकोत, त्यात किमान एक बाई आणि एक डॉक्टर हवेत, असं कायदाच सांगतो. ते हवंच. पण समिती येते त्या दिवशी चादरी धुतलेल्या असतात, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. मधले जे नव्वद दिवस आहेत त्यात बघणारं कुणीतरी घरातलं लागतं.

बाहेरच्या माणसाने नीट बसून मुलांशी बोललं तर काय होतं याचं उदाहरण सगळ्या देशाने बघितलंय. बिहारमधल्या निवारागृहांचं सोशल ऑडिट, म्हणजे तिथं राहणाऱ्यांशी बोलून केलेली पाहणी, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' टीमने केली आणि त्या रिपोर्टमधून २०१८ साली मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, पुढे २०२० मध्ये दिल्लीच्या कोर्टाने १९ जणांना दोषी ठरवलं. संस्था काय अंधारात चालत नव्हती, कागदोपत्री सरकारी अनुदानावर चालणारी संस्था होती ती. त्या टीमने रजिस्टर बघण्यावर काम संपवलं नाही, मुलींशी बोलले. म्हणून सांगते, हे काम ऑफिसातलं नाहीये.

यातलाच एक भाग आत्ताच मनात पक्का कर. काम करताना मुलावर लैंगिक अत्याचाराचं काही समोर आलं तर तो 'क्वालिटीचा मुद्दा' राहत नाही, मंथली मीटिंगच्या अजेंड्यावर तो घ्यायचा नसतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ खाली लगेच पोलिसांना कळवावंच लागतं आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. सर 'आधी आपण आत बोलून बघू' म्हणाले तरी. तिथं थांबायचं नाही.

आता मोजायचं काय, कारण तुझा निम्मा वेळ यात जाणार. मी एक गोष्ट सांगते ती आमच्या सगळ्या ट्रेनिंगपेक्षा जास्त उपयोगाची आहे. एका मुलांच्या होममध्ये मारामाऱ्या फार व्हायच्या. समुपदेशक आणा, योगा लावा, मोठ्या पोरांना दुसऱ्या मजल्यावर टाका, सगळं बोलून झालं होतं. मी फक्त एक कॅलेंडर भिंतीला लावलं आणि काळजीवाहक दादांना सांगितलं की भांडण झालं की वेळ लिहा, नाव लिहू नका. दादा आधी बिचकले, कारण त्यांना वाटलं भांडणं जास्त दिसली की आपली नोकरी जाईल. महिन्याभराने बघतो तर बहुतेक वेळा संध्याकाळी पाच ते साडेसातच्या मधल्या. पोरं शाळेतून पाचला यायची, दुपारचं जेवण शाळेत बाराला झालेलं, आणि रात्रीचं जेवण आठला. पोरं भुकेली होती हो! पाच वाजता मूठभर फुटाणे-गूळ, कधी पोहे सुरू केले. भांडणं बंद नाही झाली, पोरंच ती, पण संध्याकाळची ती वेळ शांत झाली. समुपदेशक तरी भुकेचं काय करणार होता.

म्हणून आकडा गोळा करताना 'कोण' याच्या आधी 'कधी' आणि 'कुठे' विचार. आणि टक्केवारीपासून सांभाळून राहा. बावीस पोरांच्या होममध्ये 'पळून जाण्याचं प्रमाण ५० टक्क्यांनी घटलं' म्हणजे मागच्या वर्षी चार गेली, या वर्षी दोन. रिपोर्टमध्ये चार आणि दोनच लिही, आणि ती दोन कोण, कुठं गेली, परत आली का, हे लिही. ग्राफ काढायचाच तर साधा, दर आठवड्याला एक ठिपका, वहीच्या पानावर पण येतो. डोनरला टक्के आवडतात, त्यांना टक्के दे, पण स्वतः त्यावर विश्वास ठेवू नको.

तक्रारपेटीचंही तसंच. पेटी रिकामी म्हणजे मुलं खूश, असं सगळीकडे सांगतात. मी जिथं जाते तिथं आधी विचारते की पेटीची किल्ली कुणाकडे आहे आणि पेटीवर कॅमेरा आहे का. ऑफिसच्या दारासमोर, कॅमेऱ्याखाली, किल्ली अधीक्षकांच्या जुडग्यात, अशा पेटीत कोण काय टाकणार? तू काम सुरू केल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तक्रारी वाढल्या तर ते चांगलं चाललंय असं समज, आणि हे ट्रस्टींना आधीच सांगून ठेव, नाहीतर ते म्हणतील हिला ठेवलं आणि सगळं बिघडलं.

स्किल सेंटरकडे पण लक्ष दे, ते राहून जातं. एका सेंटरला बॅचमधल्या मुली तिसऱ्या आठवड्यानंतर गळायच्या. रिपोर्टमध्ये कारण ठरलेलं, 'पालकांची मानसिकता'. आम्ही गळालेल्या मुलींना एकेकीला फोन केला, फक्त एवढंच विचारलं की शेवटचा दिवस कसा गेला. तिघी-चौघींनी एकच सांगितलं, क्लास सहाला सुटतो, सीबीएस बसस्टँडला पोचेपर्यंत पेठकडची गाडी निघून गेलेली असते, पुढची मिळते पण गावाच्या फाट्यावर उतरून अंधारात चालावं लागतं. क्लास पाऊण तास आधी सोडला. पालकांची मानसिकता आपोआप सुधारली. हे तुला केसवर्कर म्हणून पटकन कळेल, म्हणून तर मी म्हणते की चार वर्षं मुलांमध्ये काढलेल्या माणसानेच ही पोस्ट घ्यावी, डायरेक्ट कॉलेजातून आलेल्याने नाही.

परदेशाचं विचारलंस. हो, तिकडे हा वेगळा पेशाच झालाय. अमेरिकेत काउन्सिल ऑन अ‍ॅक्रेडिटेशन १९७७ पासून मुलांच्या आणि कुटुंबांच्या संस्थांना दर्जाचं मानांकन देत आली, तिच्या स्टँडर्डमध्ये परफॉर्मन्स अँड क्वालिटी इम्प्रूव्हमेंट हा वेगळा भागच आहे, त्यामुळे तिकडच्या एजन्सीत 'पीक्यूआय'चा माणूस असतोच. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही सरकारी यंत्रणा शाळांसारखीच बालगृहंही तपासते, उत्कृष्ट ते अपुरं अशा चार ग्रेड देते आणि तो रिपोर्ट छापून येतो. वाचायला छान आहेत ते, मुलं काय म्हणाली हे त्यात असतं, मुलाचं नाव न देता. जमलं तर एखादा वाच. पण तिकडचा फॉर्म उचलून इकडे भरू नको, आपल्याकडे एका गृहमातेमागे किती मुलं असतात ते तू बघतेसच.

आपल्याकडे करिअर आहे का? आहे, पण एका सरळ शिडीसारखं नाही. संस्थांमध्ये याला बहुतेक वेळा 'एम अँड ई' (मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन, म्हणजे कामावर लक्ष ठेवणं आणि त्याचं मूल्यमापन) म्हणतात. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेत जिल्हा बाल संरक्षण कक्षात संरक्षण अधिकारी, समुपदेशक, डेटा अ‍ॅनालिस्ट अशा पोस्ट असतात, बहुतेक कंत्राटी, जाहिरात निघते तेव्हा लक्ष ठेव. तिसरं म्हणजे सीएसआर, कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च. २०२१ पासून नियम असा आहे की ज्या कंपनीचा सीएसआर सरासरी १० कोटी किंवा वर आहे तिने १ कोटी किंवा त्यावरच्या प्रोजेक्टचं इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे कामाचा खरंच परिणाम झाला का याची तपासणी, बाहेरच्या एजन्सीकडून करून घ्यायचं, त्यामुळे अशा एजन्सींना फील्ड कळणारी माणसं लागतात. पगार कंपनीसारखा नसतो हे स्पष्टच सांगते. शिकायचं म्हटलं तर एक्सेल पक्कं कर, मोबाइलवर सर्व्हेची माहिती भरायचं कोबो टूलबॉक्स शीक कारण ते नेट नसलं तरी चालतं आणि सुरगाण्याकडे तेच लागतं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे प्रश्न विचारायला शीक. 'जेवण कसं आहे' विचारलं की पोरगं 'चांगलं' म्हणतं. 'काल रात्री ताटात काय राहिलं' विचार.

आणि आता सरांशी बोलायच्या गोष्टी. आठवड्यातला एक पूर्ण दिवस मुलांमध्ये आणि महिन्यातून एक रात्र होममध्ये, हे ऑफर लेटरमध्येच लिहून घे, तोंडी नको. तुझ्या नोंदींवरून कुणाचं इन्क्रिमेंट कापलं जाणार नाही, हे सगळ्या स्टाफसमोर सरांनी सांगावं, एकदा तसं झालं की परत कुणी तुला खरं सांगणार नाही. आणि डोनरचे रिपोर्ट लिहायचं काम तुझ्याकडे नको, निदान सगळं नको. डोनरला चांगलं दाखवायचं आणि आतलं वाईट शोधायचं, ही दोन कामं एका माणसाला दिली की दुसरं मागे पडतं, मी स्वतः तीन वर्षं तेच केलं आणि त्या तीन वर्षांत आतलं एकही काम धड झालं नाही. सर या तिन्ही गोष्टींना हो म्हणाले तर डोळे झाकून घे. एकाला नाही म्हणाले तर परत बोल. तिन्हीला नाही म्हणाले तर केसवर्करच राहा, तिथं मुलांना तुझा जास्त उपयोग आहे.

प्रश्न: मॅडम, सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत २४ वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटला होतो. आता व्हीआरएस घेतली. वय ४९. मुलांसाठी काहीतरी करायची इच्छा आहे. फाइव्ह एस, कायझेन, पीडीसीए या कारखान्यातल्या दर्जा सुधारायच्या सगळ्या पद्धती हाताखालून गेल्यात. मुलांच्या संस्थेत याचा उपयोग होईल का, की तिथं हे चालत नाही? — एक वाचक, सातपूर कॉलनी

उत्तर: दादा, चालतं, आणि तुमच्यासारखी माणसं नाशिकमध्ये इतकी आहेत की मला नेहमी वाटतं अंबड-सातपूरमधून रिटायर होणाऱ्या दहा जणांतला एक जरी आमच्याकडे आला तरी किती कामं होतील. तुमचं पीडीसीए (ठरवा, करा, तपासा, सुधारा) आणि आमचं काम मुळात एकच आहे, अमेरिकेतल्या शुहार्टने सुरू केलेलं आणि तिथल्याच डेमिंगने १९५० मध्ये जपानला शिकवलेलं, पुढे दवाखान्यांनी घेतलं आणि तिथून समाजसेवेत आलं. छोटा बदल करा, बघा, जमलं तर ठेवा, नाही जमलं तर सोडा. शॉप फ्लोअरवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायची जी सवय तुम्हाला आहे ती आमच्याकडच्या अर्ध्या मॅनेजर लोकांना नाहीये.

पण एक घडलेलं सांगते. एका होममध्ये असेच एक अनुभवी सर आले, मनापासून काम करणारे, त्यांनी फाइव्ह एस, म्हणजे जागा नीटनेटकी लावायची जपानी पद्धत, लावली. किचन सुधारलं, औषधांचं कपाट असं झालं की ताप आलेल्या पोराला गोळी मिळायला दोन मिनिटं लागायची, आधी सगळं हुडकावं लागायचं. मग ते डॉर्मिटरीत गेले. पहिला एस, नको असलेलं काढून टाका. पोरांच्या पेट्या उघडल्या, फुटके कंचे, जुनी वेष्टनं, चिंध्या, सगळं गोणीत. एका नऊ वर्षांच्या पोराच्या पेटीत साडीचा काठ होता, हातभर लांब, मळलेला, हिरवा. तो गेला. पोरगं चार दिवस बोललं नाही, जेवलं पण नाही नीट. कुणाला कळेना काय झालं. पाचव्या दिवशी दुसऱ्या पोराने सांगितलं की ती त्याच्या आईची साडी होती. गोणी केव्हाच घंटागाडीत गेली होती.

त्या सरांच्या डोळ्यांतलं पाणी मी बघितलंय, त्यांना दोष देत नाही. पण लक्षात घ्या की तुमच्या लाइनवर काय नको ते ड्रॉइंगवरून ठरतं, इथं ते ज्याचं आहे त्यालाच विचारावं लागतं. आणि कंपनीत रिजेक्शन असतं, इथं नसतं. जे पोरगं तिसऱ्यांदा पळून परत आलंय त्याला परत घ्यायचंच असतं, आणि खरं सांगायचं तर त्याच पोराकडून आपली सिस्टिम कुठं फाटलीये ते कळतं.

म्हणून सुरुवात किचन, स्टोअर, औषधं, गॅस, वायरिंग, हजेरी रजिस्टर, गाडीचं लॉगबुक इथून करा, तिथं तुम्ही पहिल्या दिवसापासून गुरू आहात. मुलांच्या खोल्यांकडे सहा महिने फक्त ऐकायला जा. पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका, उलट जी संस्था मागत नाही तिथं जाऊच नका. एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसायचं नाही. आणि मुलांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, अगदी वाढदिवसाचा केक असला तरी, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही. आपल्याकडे २०२७ चा कुंभमेळा येतोय, गर्दीत मुलं चुकणार, नाशिकरोडला गाड्यांमधून एकटी उतरणार, त्या वेळी नोंदी नीट ठेवणारी, रजिस्टर जुळवणारी माणसं संस्थांना फार लागतील. आत्तापासून या.

प्रश्न: ताई, मी २० वर्षांचा आहे. सातव्या वर्षापासून बालगृहात होतो, १८ पूर्ण झाल्यावर बाहेर पडलो. बारावी झालीये, आता कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. संस्थेत कार्यक्रम असला की मला बोलावतात आणि माझी स्टोरी सांगायला लावतात, पाहुणे रडतात. मला स्टोरी सांगायचा कंटाळा आलाय. मला संस्था चांगली कशी करायची ते काम करायचंय, तुमच्यासारखं. डिग्री नाही. जमेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: जमेल. तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी कामाचं सांगते. तू अजून २१ चा नाहीयेस. कायद्याने बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलाला १८ ते २१ आफ्टरकेअर मिळू शकतं, अडचण असेल तर अपवाद म्हणून २३ पर्यंत. राहणं, शिक्षण, ट्रेनिंग यासाठी. हे तुला कुणी सांगितलं होतं का माहीत नाही, नसेल सांगितलं तर या आठवड्यातच जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा आणि लेखी अर्ज दे, पोच घे. आईवडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्राचं विचार, महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. शिकायला नोकरी सोडायची गरज नाही, मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे, तिथून बीए कर, शिफ्ट सांभाळून होतं. पुढे एमएसडब्ल्यू करायचं तर गंगापूर रोडला मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक संस्थेचं) समाजकार्य महाविद्यालय आहे. हे पाच-सहा वर्षांचं काम आहे, लांब वाटेल, पण तू तेव्हा सव्वीसचा असशील आणि माझ्या ओळखीत या कामात सव्वीसच्या आत शहाणं झालेलं कुणी नाही.

स्टोरीचं. नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. त्यांनी तुला वाढवलं म्हणून तू ती सांगायचं देणं लागत नाहीस. प्रेमाने सांग, सर, या वेळी नको. आणि त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी दे जे त्यांना कुठूनच मिळणार नाही. आम्ही एका ठिकाणी मोठ्या झालेल्या मुलांना बोलावलं होतं, पाहुणे नाहीत, माइक नाही, चहा आणि खारी, येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेल्या शिफ्टचे पैसे दिले होते. मी विचारलं की आठवड्यातली सगळ्यात वाईट वेळ कोणती होती. मला वाटलं रात्र सांगतील, परीक्षा सांगतील. एक मुलगा म्हणाला, रविवारी दुपारी चार. दुसरे सगळे माना हलवायला लागले. रविवारी चार वाजता भेटीची वेळ असायची, ज्यांचं कुणीतरी आहे त्यांचे नातेवाईक यायचे, केळी-बिस्किटं घेऊन, आणि ज्यांचं कुणी नाही ती पोरं वरच्या खिडकीतून गेटकडे बघत बसायची. वीस वर्षांत ही वेळ आमच्या एकाही फॉर्ममध्ये आली नव्हती. त्यानंतर त्या होममध्ये रविवारी साडेतीनला ज्या मुलांकडे कुणी येत नाही त्यांना घेऊन एक दादा बाहेर जायला लागले, कधी गोदाघाटावर, कधी नुसतं ग्राउंडवर, कधी भेळ खायला.

तुझ्याकडे अशा किती वेळा असतील. एक वही कर. दिवस आणि तास लिही, काय व्हायचं ते लिही, कुणाचं नाव लिहू नको. पुढच्या वेळी संस्थेने कार्यक्रमाला बोलावलं की माइक घेण्याआधी सरांना ती वही दाखव आणि म्हण, याच्यातलं एक पान आपण या वर्षी बदलूया, मी येतो मदतीला. ते काय म्हणाले ते मला कळव, या कॉलमच्या पत्त्यावरच.